तीन बल्ब, एक लाकडी फळी आणि आमचे जुने घर

आमची इमारत १९८६ सालची. कोथरूडमध्ये त्या काळी ज्या तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्या उभ्या राहिल्या त्यांपैकीच ती एक, आणि आमचे घर सगळ्यांत वरच्या मजल्यावर. घराचे काम काढायचे असे आम्ही पाच-सहा वर्षे नुसते म्हणत होतो. प्रत्यक्ष सुरुवात झाली ती मात्र अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने. सासूबाईंच्या खोलीतला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणत राहू लागला. त्याला उजेड म्हणता आले नसते, अंधाराला डोळे सरावल्यावर जाणवेल इतकाच तो होता. पण एकोणऐंशी वर्षांच्या, आधीच झोप उडालेल्या माणसाला तेवढा पुरेसा होता. "हा दिवा काही झोपत नाही बघ," असे त्यांनी दोन-तीनदा सांगितल्यावर मी बल्ब बदलला, तरी तेच. शेवटी वायरमनला बोलावले. त्याने टेस्टर लावून सांगितले की या खोलीतले बटण फेजवर नसून न्यूट्रलवर आहे, म्हणजे बटण बंद केले तरी होल्डरमध्ये वीज आहेच. जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात हा दोष कळलाच नसता, कारण त्या बल्बला पेटायला भरपूर वीज लागे. एलईडीला मात्र वायरींमधून झिरपणारा किंचित प्रवाहही पुरतो. या खोलीत बटण बंद करून निर्धास्तपणे बल्ब बदलणारा प्रत्येक जण इतकी वर्षे जिवंत होल्डरला हात घालत होता, हे ऐकून माझ्या हाताला घाम फुटला.

त्याने बोर्ड उघडला तेव्हा आतल्या वायरींवरचे आवरण बोट लावताच बिस्किटासारखे तुटून पडत होते. चिनीमातीचे कटआऊट, म्हणजे जुने फ्यूज, होते, त्यांत कोणी तरी कधी तरी जाड तार घातलेली होती, आणि अर्थिंग फक्त स्वयंपाकघरातल्या एका पॉवर पॉइंटला. त्याच सुमारास आमच्या न्हाणीघरातून खालच्या शेजाऱ्यांच्या छतावर ओल उतरू लागली होती. तेव्हा एकच खोली करण्याऐवजी सगळेच काम काढावे असे ठरले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सामान घेऊन आम्ही चार महिन्यांसाठी समोरच्याच इमारतीत भाड्याने राहायला गेलो.

दिवे निवडणे म्हणजे एखाद्या रविवारी दुकानात जाऊन पसंती करणे, अशी आमची समजूत होती. त्याप्रमाणे पहिल्याच रविवारी आम्ही तिघे, म्हणजे मी, नवरा आणि मुलगी, एका मोठ्या शोरूममध्ये गेलो आणि तांब्याच्या रंगाचे, तीन काचगोळे असलेले एक झुंबर ७,८०० रुपयांना घेऊनही आलो. दुसऱ्या दिवशी वायरमनने खोक्याकडे नजर टाकली आणि विचारले, "हे कुठे लावायचे?" आम्ही तिघांनी तीन जागा सांगितल्या. तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. "वहिनी, झुंबर नंतर बघू. मला आधी पॉइंट सांगा," एवढेच म्हणाला.

वायरमनच्या भाषेत दिवा, पंखा, सॉकेट, घंटा, जे जे काही विजेवर चालणार त्याची प्रत्येक जागा म्हणजे एक पॉइंट. त्याची मजुरी पॉइंटवर ठरते, भिंतीतल्या खाचा पॉइंटप्रमाणे मारल्या जातात, आणि एकदा पाइप टाकून वर गिलावा झाला की जागा बदलायची म्हणजे पुन्हा फोडाफोड. त्यामुळे दिवा कुठला हे शेवटी ठरवले तरी चालते, पण तो कुठे हे घरात धुळीशिवाय काही नसताना ठरवावे लागते. ही गोष्ट आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती, आणि इंटिरियरवाल्याने दिलेल्या रंगीत चित्रांतही ती नव्हती. वायरमनने माझ्या हातात दोन खडू दिले, एक पांढरा आणि एक निळा. पांढरा दिव्यांसाठी, निळा बटणांसाठी. उद्या संध्याकाळपर्यंत भिंतींवर खुणा करून ठेवा, म्हणाला.

त्या रात्री रिकाम्या घरात रंगाच्या पालथ्या डब्यांवर बसून आम्ही जे केले, ते खरे तर दुकानात जाण्याआधी करायला हवे होते. या घरात कोण कुठे बसून काय करते, एवढेच आम्ही एका वहीत लिहून काढले. सासूबाई संध्याकाळी पलंगावर बसून वाती वळतात, तांदूळ निवडतात, आणि रात्री पोथी वाचतात. नवरा दिवाणावर आडवा होऊन वर्तमानपत्र वाचतो, त्यामुळे छतावरचा कुठलाही दिवा त्याच्या थेट डोळ्यांत येतो. मुलगी लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसते, मग टेबलापाशी, मग पुन्हा जमिनीवर. मी ओट्याशी उभी. वही भरत गेली तसे लक्षात आले की आमच्या जुन्या घरात प्रत्येक खोलीच्या एका भिंतीवर, दाराच्या वर, एक ट्यूब होती. आणि आम्ही इतकी वर्षे ज्या जागी बसत होतो, त्यांतली एकही त्या ट्यूबच्या जवळ नव्हती. दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले तर त्याच दिव्याचा उजेड चौपट पडतो, हे शाळेत शिकलेले गणित. म्हणजे वीस वॅटची ट्यूब समोरच्या भिंतीवर असण्यापेक्षा पाच वॅटचा दिवा हाताच्या अंतरावर असणे वाचणाऱ्याच्या अधिक उपयोगाचे. ते गणित घराला लावायला मला बावन्नावे वर्ष उजाडावे लागले.

जागांच्या खुणा झाल्या, तसा उजेडाच्या रंगाचा प्रश्न पुढे आला. शोरूममध्ये त्याचे उत्तर मिळत नाही, याचे कारण साधे आहे: तिथे सगळेच दिवे एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे कुठला उजेड कोणाचा हेच कळत नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मात्र एका लहान दुकानदाराने शटर अर्धे खाली ओढून तीन बल्ब एकामागून एक लावून दाखवले. त्यांवर ३०००, ४००० आणि ६५०० असे आकडे होते. हे आकडे केल्विनमध्ये असतात, आणि त्यांतली गंमत अशी की आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर आणि आपल्या बोलीत थंड. जितका लहान तितका पिवळा. समईची ज्योत दोन हजारांच्या आसपास, जुना तारेचा बल्ब सुमारे २७००, आणि ढगाळ दुपारचे आकाश साडेसहा हजारांच्या घरात. आकड्याचा दिव्याच्या ताकदीशी काहीही संबंध नाही. तिन्ही बल्ब नऊ वॅटचेच होते, आणि प्रत्येकाचा उजेड जुन्या साठ वॅटच्या बल्बइतका किंवा किंचित अधिक होता. तरीही पिवळा कमी प्रखर आणि पांढरा अधिक प्रखर वाटतो, आणि म्हणूनच आपल्याकडे बहुतेक जण "पांढराच द्या" म्हणतात, असे दुकानदार म्हणाला. आम्ही तिन्ही विकत घेतले. आमच्या सबंध प्रकल्पातली ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणपणाची खरेदी होती.

वायरमनने एका जुन्या फळीवर तीन होल्डर, तीन बटणे आणि दहा मीटर वायर बसवून दिली. ही फळी घेऊन आम्ही आठवडाभर रोज रात्री एका खोलीत जात होतो. कधी शिडीला टांगून, कधी मुलीच्या हातात उंच धरून. सासूबाईंना दोन जिने उतरून पुन्हा तीन चढायला लावणे जिवावर आले होते, पण त्यांनीच यायचे ठरवले, आणि येताना पिशवीतून एक स्टीलचे ताट, वाटीभर तांदूळ, कापसाचा पेळू, मेथीच्या चार काड्या आणि कुंकवाचा करंडा आणला. इतक्या महिन्यांत इतकी मुद्देसूद चाचणी आमच्यापैकी कोणाला सुचली नव्हती. साडेसहा हजारांचा बल्ब लावला तेव्हा त्यांनी ताटाकडे न बघता आधी आमच्या तोंडांकडे बघितले आणि म्हणाल्या, "सगळे आजारी दिसताय." तीन हजारांच्या बल्बखाली त्यांना लोडशेडिंगची आठवण झाली, व्होल्टेज पडले की घर असे दिसायचे, म्हणाल्या. ते खरेच होते. आमच्या पिढीपर्यंत पिवळा उजेड म्हणजे काटकसर किंवा कमी दाबाची वीज असेच समीकरण होते. चार हजारांच्या बल्बखाली त्यांनी तांदळातला एक पोरकिडा बोटाने बाजूला केला आणि "हा ठेवा," असे जाहीर केले.

मी त्याच वेळी कुंकवाकडे बघत होते. आमच्याकडे आधीपासून असलेली एक स्वस्त एलईडी पट्टी शेजारी लावली तर कुंकू विटकरी दिसे आणि मेथी राखाडी. नव्या बल्बखाली ते लालच राहिले. याला सीआरआय म्हणतात, हे पुढे दुकानदाराकडून कळले. वस्तूंचे रंग दिव्याखाली कितपत खरे दिसतात याचे हे माप, त्यात शंभर म्हणजे सर्वोत्तम. बाजारातले नेहमीचे बल्ब ऐंशीच्या आसपास असतात, आणि ऐंशीच्या दिव्यातही लाल रंग बऱ्याचदा मार खातो. नव्वदच्या वरचे दिवे महाग पडतात. आम्ही ते तीनच ठिकाणी घेतले: ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर आणि आरशाशी. जिन्यात, माळ्यावर आणि बाल्कनीत कुंकू कोणी बघत नाही.

खोल्यांचे शेवटी असे झाले की स्वयंपाकघर आणि अभ्यासाची जागा ४००० ची, झोपण्याच्या खोल्या ३००० च्या, आणि ६५०० चा एकही दिवा घरात आला नाही. सासूबाईंच्या खोलीबाबत मात्र त्यांच्याशी थोडे भांडावे लागले, कारण त्यांना तिथेही चार हजारांचा पांढराच हवा होता. त्यांच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्यात आत पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण तिसरा हिस्सा असतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला उजेड जास्तच लागतो. पण त्याच वयात उघड्या दिव्याची तिरीप डोळ्यांना सहन होत नाही. उजेड वाढवायचा आणि दिवा दिसू द्यायचा नाही, असे ते दुहेरी काम होते. छताला दुधी काचेचा एक बसका दिवा, आणि पलंगाच्या डाव्या बाजूला भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडा वर, खाली तोंड असलेली टोपी घातलेला पाच वॅटचा दिवा असे केले. पोथीवर तो पडतो, डोळ्यांवर पडत नाही. रंगाबाबत तडजोड अशी की छतावरचा त्यांच्या मर्जीचा, पलंगाशेजारचा माझ्या. सध्या सासूबाई छतावरचा लावत नाहीत, पण हे मी त्यांना बोलून दाखवलेले नाही.

देवघरात इंटिरियरवाल्याने वरून दोन फोकस सुचवले होते. त्यावर सासूबाईंचा प्रश्न असा होता की देवांवर फोकस कशाला, ते काय नाटकात आहेत? चाचणीत आम्ही समई लावून वर फोकस लावला तर ज्योत असून नसल्यासारखी झाली. तेव्हा तिथे पाठीमागच्या चौकटीच्या आड तीन वॅटची २७०० ची एक पट्टी बसवली, जी फक्त सकाळी पूजेच्या वेळी लागते.

आता फॉल्स सीलिंगविषयी, म्हणजे मूळ छताखाली बसवायच्या दुसऱ्या छताविषयी. आमच्या स्लॅबची उंची नऊ फूट चार इंच. त्यातून सहा इंच छताने खाल्ले तर पंखा डोक्यावर येतो. तरीही मुलीच्या आग्रहाखातर तिच्या खोलीत आम्ही ते केले, त्यात सहा गोल डाऊनलाइट बसवले, आणि इथेच आमच्या हातून मोठी चूक झाली. चित्रात ते दिवे पंख्याभोवती सुबक वर्तुळात होते. पंखा अठ्ठेचाळीस इंची, म्हणजे मध्यापासून पाते दोन फूट जाते. आणि सहांपैकी दोन दिवे या घेराच्या आत किंवा अगदी काठावर आले होते. दिवे छताला टेकलेले, पाती त्यांच्या खाली. पंखा चालू केला की प्रत्येक पाते दिव्याचा उजेड कापत जाई आणि सबंध खोलीत सावल्यांची फडफड सुरू होई. पाच मिनिटांत मुलीचे डोके दुखू लागले. सुताराने आणि जिप्सम बोर्डवाल्याने एकमेकांकडे बोट दाखवले. खरे म्हणजे खुणा करताना आम्हीच पंख्याचा घेर जमिनीवर आखायला हवा होता. दोन भोके बुजवली, दोन नवी भिंतीकडे सरकवून पाडली. बुजवलेल्या जागा सकाळच्या तिरक्या उन्हात अजूनही ओळखू येतात. हॉलमध्ये आम्ही छताला हातच लावला नाही. दोन भिंतींवर वर-खाली उजेड टाकणारे दिवे लावले, पंख्याच्या वाटेत काहीच येऊ दिले नाही, आणि दिवाणावर आडव्या होणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचाही प्रश्न मिटला.

पंख्यांचे म्हणाल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा सुमारे तीस वॅट घेतो, जुना पंचाहत्तर. तीन घेतले. पण हे पंखे भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरवर चालवायचे नसतात, रिमोटवर चालतात. आणि सासूबाई रिमोट उशीखाली ठेवतात, उशी उचलताना तो पलंगाखाली जातो, आणि मग रात्री दोनला हाक येते. त्यांच्या खोलीत साधा पंखा आणि गोल फिरवायचा रेग्युलेटर परत लावला. विजेचे बिल त्यामुळे जे काही वाढत असेल ते आम्ही आनंदाने भरतो.

स्वयंपाकघर हा माझा विषय होता, आणि तिथे मी कोणाचे ऐकले नाही. जुनी ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर होती. बावीस वर्षे मी माझ्याच सावलीत भाजी चिरली. कांदा बारीक चिरताना मान किंचित डावीकडे कलती करायची सवय मला कुठून लागली, ते खुणा करताना उमगले: सावलीतून विळीचे, नंतर सुरीचे पाते उजेडात यावे म्हणून. आता वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेला, ॲल्युमिनियमच्या पन्हळीत एलईडी पट्टी बसवली आहे. ती मागे भिंतीशी लावायची की पुढे, यावरही वाद झाला. मागे लावली की टाइल चकाकतात आणि छायाचित्र चांगले येते. पुढे लावली की उजेड चिरायच्या जागेवर पडतो. पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज उतरवून पट्टीला देणारी डबी, सुताराने कपाटाच्या मागे कायमची बंद करून टाकली होती. मी ती बाहेर काढून कपाटाच्या आत, मसाल्याच्या डब्यांच्या वर, हात पोहोचेल अशी लावून घेतली. एलईडी स्वतः सहसा जात नाही, जातो तो ड्रायव्हर, आणि उष्णतेने लवकर जातो. पाच महिन्यांनी नेमका हाच ड्रायव्हर गेला. बदलायला दहा मिनिटे लागली. कपाटामागे असता तर सुतारच बोलवावा लागला असता.

बटणांकडे सगळ्यांत कमी लक्ष दिले जाते आणि रोज हात मात्र त्यांनाच लागतो. नेहमीची उंची जमिनीपासून सव्वाचार-साडेचार फूट. सासूबाईंचा खांदा दुखतो, म्हणून त्यांच्या खोलीत आम्ही ती साडेतीन फुटांवर आणली, आणि पलंगावरून न उठता हात पोहोचेल असे दुसरे बटण दिले, म्हणजे दिवा दारातूनही लागतो आणि पलंगावरूनही. तिथून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर जमिनीपासून एक फूट उंचीवर दोन लहान दिवे आहेत, जे हालचाल झाली की आपोआप लागतात. यासाठी मी तीन रात्री त्या रिकाम्या वाटेने अंधारात चालून बघितले होते. एवढे करूनही एक फजिती झालीच. आमच्या झोपण्याच्या खोलीचे दार सुताराने कपाटाला अडते म्हणून उलट्या बाजूने उघडणारे केले, बिजागऱ्या इकडच्या तिकडे गेल्या, आणि वायरमनने आधीच बसवलेला बोर्ड दाराच्या मागे गेला. सहा महिने आम्ही खोलीत शिरून, दार लोटून, मागे हात घालून दिवा लावत होतो. मग कंटाळून बाहेरच्या बाजूला नवे बटण घेतले, पण तोवर रंग झालेला होता, म्हणून तेवढी एक वायरची पट्टी भिंतीवरून गेली आहे. पाहुण्यांची नजर नेमकी तिच्यावरच जाते.

भिंतीतल्या वायरींबाबत मी वायरमनवर विसंबले, तरी काही गोष्टी समजून घेतल्या. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, पॉवर पॉइंटना अडीचची, गीझर आणि एसीला चारची तांब्याची वायर. प्रत्येक खोलीला वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारे बटण. आणि सगळ्यांच्या वर तीस मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, जो माणसाला धक्का बसून वीज जमिनीकडे जाऊ लागताच प्रवाह तोडतो. जुन्या घरात एकोणीस पॉइंट होते, आता एकसष्ट झाले आहेत. खाचा बुजवण्याआधी मुलीने प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी लावून छायाचित्र काढले. पुढे पडद्याची नळी बसवताना कुठे भोक पाडायचे नाही ते या छायाचित्रांवरूनच कळले.

न्हाणीघराच्या नळांची कथा उजेडाहून वेगळी असली तरी चूक त्याच जातीची होती: वस्तू आधी आवडली, जागेचा विचार नंतर. आम्हाला छतातून पडणारा मोठा, चौकोनी, पावसासारखा शॉवर हवा होता, आणि तो दुकानात सुंदर पडत होता. प्लंबरने गच्चीवर जाऊन टाकी बघितली, खाली येऊन वीस लिटरची बादली नळाखाली ठेवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. भरायला दोन मिनिटे दहा सेकंद लागली. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. आमच्या शॉवरपासून टाकीतले पाणी जेमतेम अडीच मीटर उंच, म्हणजे पाव बार. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना हाच शॉवर छान चालला असता. आम्ही पसंत केलेल्या शॉवरच्या माहितीपत्रकात तळाशी, बारीक अक्षरांत, किमान एक बार असे लिहिलेले निघाले. "वहिनी, टाकीच्या खालीच राहायचे आणि धबधबा मागायचा, कसे जमणार?" असे प्लंबर म्हणाला. पंप बसवण्याचा पर्याय होता, पण त्याचा आवाज, त्याची वीज आणि त्याची दुरुस्ती यांचा विचार करून आम्ही साधा, लहान तोंडाचा हातातला शॉवर घेतला. काळ्या मॅट रंगाचे नळही असेच सुटले. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतात, त्या जड पाण्याचे पांढरे डाग क्रोमवर पुसले जातात, काळ्यावर रोज दिसतात. भिंतीच्या आत बसणारा, गार-गरम पाणी मिसळणारा मिक्सरही नको म्हटले, कारण आतली पुडी (कार्ट्रिज) बिघडली आणि तेव्हा ते मॉडेल बंद झालेले असले तर टाइल फोडाव्या लागतात. कमोडशेजारी आधाराचा दांडा मात्र टाइल लावण्याआधीच पक्क्या विटेत ठोकून घेतला. न्हाणीघरातला दिवा झाकणबंद, पाण्याचे शिंतोडे सोसणारा, आणि आरशाच्या वर न लावता दोन्ही बाजूंना लावला, म्हणजे दाढी करताना हनुवटीखाली सावली येत नाही. ही एक सूचना नवऱ्याची, आणि ती चांगली निघाली.

खर्चाचे सांगायचे तर शोरूमने दिव्यांचा पहिला अंदाज १ लाख ४० हजारांचा दिला होता. आम्हाला शेवटी, पंखे आणि बटणांसह, ९१ हजार लागले. त्यांत ते ७,८०० चे झुंबरही धरले आहे. ते परत घेत नाहीत म्हणाले, आणि बिलावर तसे छापलेलेही होते. चार महिने ते खोक्यात पडून होते. शेवटी त्याचे तीन गोळे सुटे करून एकच जेवणाच्या टेबलावर, टेबलापासून अडीच फूट उंचीवर टांगला. तिथे तो शोभतो. उरलेले दोन माळ्यावर आहेत.

चाचणीची ती फळी मी टाकून देणार होते, पण खालच्या शेजाऱ्यांनी, ज्यांच्या छतावर आमच्यामुळे ओल उतरली होती, आता त्यांचेही काम काढले आहे. परवा ते फळी मागायला आले. बल्ब तिन्ही चालू आहेत ना, एवढे बघून घेतले. जाताना सासूबाईंनी त्यांना दारात थांबवले आणि आतून तांदळाची वाटी आणून हातात दिली.